क्लॅटची खासगी शिकवणी: या चुका टाळा

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. तिच्या शिकवणीला नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी समोर बसला की बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, "सर, नोट्स कधी देणार?" पालकही तेच विचारतात. नोट्स कुठेही मिळतात. एकट्याची शिकवणी लावायची ती तुम्ही उत्तरापर्यंत कसे पोहोचता हे कुणीतरी शेजारी बसून पाहावं आणि पाऊल घसरलं तिथेच थांबवावं, यासाठी. हे लक्षात न घेतल्यामुळे त्याच त्या चुका होताना मी वर्षानुवर्षं पाहतोय.

कायदा पाठ करणं

ही चूक सर्वांत महाग पडते. 2019 पर्यंत क्लॅटला 200 प्रश्न असायचे आणि पाठांतरावर बरंच निभावायचं. 2020 पासून परीक्षा उताऱ्यांवर आली. आता 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात. लीगल रीझनिंगचे, म्हणजे कायद्याचा नियम प्रसंगाला लावण्याचे, 28 ते 32 प्रश्न असतात, पण त्यांना लागणारा नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तुम्हाला तो लावायचा असतो, एवढंच. तरीही मुलांकडून कलमं घोकून घेणाऱ्या शिकवण्या चालूच आहेत, आणि मला याचा मनापासून राग येतो.

एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याने वर्षभर दुसरीकडे कराराचा कायदा पाठ केला होता. मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय), 1903, अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल, हे सगळं झोपेतून उठवलं तरी सांगायचा. मी त्याला सरावाचा एक उतारा दिला. त्यात मुद्दाम वेगळा नियम लिहिला होता: वय खोटं सांगून वस्तू घेतली, तर करार अल्पवयीनावरही बंधनकारक राहील. पाचपैकी चार उत्तरं चुकली. चारही ठिकाणी त्याने 'करार रद्दबातल' हाच पर्याय निवडला होता. मी म्हटलं, "उताऱ्यात काय लिहिलंय ते वाच." तो म्हणाला, "पण सर, खरा कायदा तसा नाहीये." त्याचं म्हणणं बरोबर होतं, फक्त प्रश्न खऱ्या कायद्याबद्दल नव्हता. हुशार मुलगा, पण ती सवय सुटायला आम्हाला दीड महिना लागला. तेवढ्यात नवीन काही शिकवताच आलं नाही.

माझा उपाय साधा आहे. उतारा वाचून झाला की कागद पालथा ठेवायचा आणि नियम एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत सांगायचा. अपवाद असेल तर दुसऱ्या वाक्यात. मग कागद उलटून 'आणि' आहे की 'किंवा', 'करू शकतो' आहे की 'केलंच पाहिजे' हे तपासायचं. उत्तर देताना ज्या ओळीवरून दिलं तिच्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही, तर उत्तर बरोबर आलेलं असलं तरी मी ते मोजत नाही.

मॉकमागून मॉक

आठवड्याला पाच मॉक (सराव परीक्षा) दिल्या असं अभिमानाने सांगणाऱ्या मुलाला मी विचारतो की मागच्या मॉकमधल्या चुका कोणत्या होत्या. बहुतेकांना फक्त मार्क आठवतात. दोन तासांची मॉक दिली तर ती तपासायला किमान दोन तास द्यावेच लागतात. प्रत्येक चुकीपुढे मी एक वाक्य लिहायला लावतो: चुकीचा पर्याय मला बरोबर का वाटला? 'घाई झाली' हे उत्तर मी स्वीकारत नाही. 'उताऱ्यात "काही" होतं, मी "सर्व" वाचलं' हे चालतं. असं दहा मॉकपर्यंत लिहिलं की मुलाला आपली ठरावीक दोन-तीन दुखणी दिसू लागतात. शिकवणीचा तास त्यावरच खर्च करावा.

उतारा मराठीत सांगून घेणं

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना शिक्षक मायेपोटी अख्खा उतारा मराठीत सांगतात. मुलगा 'समजलं' म्हणून मान डोलावतो, पण इंग्रजी वाचन त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेलं असतं. क्लॅटचा पेपर इंग्रजीतच असतो आणि उतारा साधारण 450 शब्दांचा. मी क्रम उलटा करतो. इंग्रजी उतारा मुलगा स्वतः मोठ्याने वाचतो आणि मग तोच मला मराठीत सांगतो. सुरुवातीला फार हळू होतं. पालक अस्वस्थ होतात, मुलंही रडकुंडीला येतात. तरी मी मध्ये बोलत नाही.

बाकीच्या

गणिताचे 10 ते 14 प्रश्न दहावीच्या पातळीचे असतात. 'मला गणित येत नाही' म्हणून ते सोडणाऱ्याला मी रोज टक्केवारी आणि गुणोत्तराची पाच उदाहरणं देतोच.

चालू घडामोडींची महिन्याची पुस्तिका उजळणीला ठीक आहे, रोजच्या वर्तमानपत्राची जागा ती घेत नाही.

चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो म्हणून घाबरून प्रश्न कोरा ठेवू नका. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्यांतला एक निवडा: मिळाला तर एक, गेला तर पाव. राज्याच्या लॉ सीईटीत, म्हणजे महाराष्ट्राच्या कायदा प्रवेश परीक्षेत, तर निगेटिव्ह मार्किंगच नाही, तिथे कोरा ठेवलेला प्रश्न म्हणजे निव्वळ नुकसान.

क्लॅट कागदावर होते, तेव्हा उत्तरपत्रिकेतले गोळे भरायचा सराव घड्याळ लावूनच करा. सगळे गोळे शेवटच्या पाच मिनिटांवर ठेवणाऱ्यांची ओळ हमखास सरकते.

आणि परीक्षा डिसेंबरमध्ये असताना ऑक्टोबरमध्ये "महिन्याभरात होईल ना सर?" असा फोन करणाऱ्यांना मी शिकवणीला घेत नाही. 2020 पासूनचे पेपर घड्याळ लावून सोडवायला सांगतो, आणि प्रत्येक चुकीपुढे ते एक वाक्य लिहायला.