छुप्या कॉकटेल बारची पायी सफर : नव्या वाटाड्यांनी या चुका टाळाव्यात

संध्याकाळी दहा-बारा अनोळखी माणसांना बरोबर घेऊन शहरातले छुपे कॉकटेल बार पायी दाखवण्याचे काम मी गेली अकरा वर्षे करीत आहे, आणि या धंद्यात नव्याने उतरू पाहणाऱ्या बऱ्याच जणांना मी माझ्या मागून चालायला लावून ते शिकवलेही आहे. त्यांच्यातल्या कोणाचीही पहिली वही उघडली, तर तीत बारांची लांबलचक यादी असते. एका संध्याकाळी पाच बार, उत्साह जास्त असेल तर सहा. कोणत्या दारात किती वाजता पोहोचायचे, तिथे किती वेळ बसायचे आणि तिथून कधी उठायचे, हा रकाना मात्र कोरा असतो. पुढे सांगणार असलेल्या बहुतेक चुका त्या कोऱ्या रकान्यातूनच निघतात.

चालण्यापासूनच सुरुवात करू. एकटा माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो. बारा जणांचा घोळका, ज्यात दोघे फोटो काढत असतात, एक जण बुटाची नाडी बांधायला थांबतो आणि निम्मे लोक सिग्नलच्या अलीकडेच राहतात, तो तासाला ३ किलोमीटरच्या पुढे जात नाही. त्यामुळे दोन बारांमधले ८०० मीटरचे अंतर नकाशावर दहा मिनिटांचे दिसत असले, तरी प्रत्यक्षात त्याला सोळा मिनिटे लागतात. पाच बारांच्या यादीत अशी चार अंतरे येतात, म्हणजे एका तासाहून अधिक वेळ रस्त्यावरच जातो. मी तीनच बार घेतो आणि त्यांच्यासाठी साडेतीन तास ठेवतो. 'इतकेच?' असे विचारणारा शिकाऊ उमेदवार दर खेपेला भेटतो आणि दर खेपेला मी त्याला पाच बारांची सफर स्वतः करून पाहायला सांगतो. दुसऱ्यांदा तो तसे विचारत नाही.

आता ज्या चुकीची मला सर्वांत जास्त चीड येते ती : पहिलाच पेला कडक देणे. मार्टिनीसारख्या पेयात ६० मिलिलिटर जिन असते. ती ४० टक्क्यांची धरली, तर त्यात २४ मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होते. यकृत ढोबळ मानाने तासाला सात ते दहा ग्रॅमचा निचरा करते, म्हणजे एकाच पेल्याचा हिशेब मिटायला दोन तास किंवा त्याहून थोडे अधिक लागतात. असे तीन पेले अडीच तासांत घेतले, तर शेवटच्या दारातून बाहेर पडताना निम्म्याहून अधिक अल्कोहोल अजून शरीरातच असते. शिवाय पोटात गेलेल्या मद्याचा पूर्ण अंमल चढायला अर्धा ते दीड तास लागतो, म्हणजे पहिल्या बारमध्ये 'मला काहीच झालेले नाही' असे हसून सांगणारा माणूस दुसऱ्या बारच्या वाटेवर पायरी चुकतो. पोट रिकामे असेल, तर हे सगळे आणखी लवकर होते. आणि संध्याकाळी सहाला कामावरून थेट येणाऱ्या माणसाचे पोट रिकामेच असते.

हे शहाणपण मला अनुभवाने आले, आणि तो अनुभव फारसा गौरवाचा नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी मी सफरीची सुरुवात मार्टिनीने करीत असे, कारण तो बार सर्वांत देखणा होता आणि लोकांना पहिल्या दहा मिनिटांत दिपवून टाकण्याची मला घाई होती. एका संध्याकाळी तिसऱ्या बारच्या दाराशी मी माणसे मोजली, तर बारापैकी अकराच भरली. बेपत्ता होते ते एक मध्यमवयीन, अत्यंत सभ्य आणि जवळजवळ न बोलणारे गृहस्थ. बाकीच्यांना रस्त्यावरच उभे करून मी धावत दुसऱ्या बारकडे गेलो. तिथे सगळ्या भिंतींना एकसारख्या लाकडी फळ्या होत्या आणि दारही त्याच फळ्यांचे होते. बाहेरून ते जसे लपलेले, तसेच आतूनही. आम्ही निघालो तेव्हा हे गृहस्थ प्रसाधनगृहात होते. परत आल्यावर त्यांना दार सापडेना, म्हणून त्यांनी एकेक फळी शांतपणे दाबून पाहिली आणि जी उघडली तिच्यातून ते कोठीच्या खोलीत शिरले. मी पोहोचलो तेव्हा ते लिंबांच्या खोक्यावर मांडी घालून बसले होते. हाच आपला तिसरा बार, अशी त्यांची समजूत झाली होती, आणि इथली सेवा जरा मंद आहे अशी तक्रार त्यांनी माझ्याकडे अगदी हळू आवाजात केली. या सगळ्यात पंचवीस मिनिटे गेली, तिसऱ्या बारने आमच्या जागा दुसऱ्यांना देऊन टाकल्या आणि त्या रात्रीचे निम्मे पैसे मी परत केले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्या बारमध्ये उंच पेल्यातले सौम्य पेय : व्हर्मुथ (वनस्पतींचा सुवास दिलेली वाइन) आणि सोडा, किंवा फक्त ३० मिलिलिटर मद्यात भरपूर सोडा घातलेला हायबॉल. कडक पेय दुसऱ्या बारमध्ये, जिथे सगळ्यांना बसायला जागा आहे आणि समोर खायला काही तरी येते. तिसऱ्या ठिकाणी अर्ध्या मापाचे पेले, आणि प्रत्येक ठिकाणी कॉकटेलच्या आधी पाण्याचा पेला रिकामा झालेला मला दिसला पाहिजे. हे नियम कोणत्या पुस्तकातले नाहीत, माझ्या सवयीचे आहेत. माणसे मोजण्याची सवयही तशीच : निघण्यापूर्वी आत एकदा, बाहेर आल्यावर एकदा आणि पहिल्या वळणानंतर एकदा. मी चेहरे मोजत नाही, बूट मोजतो. अंधुक उजेडात चेहरे एकमेकांत मिसळतात, बुटांचे जोड मिसळत नाहीत.

दुसरी मोठी चूक बारच्या आत होते. छुपा बार म्हणजे बहुधा वीस-पंचवीस जागांची खोली आणि ओट्यामागे एक, फार तर दोन बारटेंडर. नवा वाटाड्या बारा माणसे घेऊन आत शिरतो आणि मोठ्या औदार्याने जाहीर करतो की ज्याला जे हवे ते मागवा. मग बारा माणसे बारा वेगवेगळी पेये मागतात. एका पेयाला किती वेळ लागतो हे ओट्याशी उभे राहून एकदा पाहावे. बारटेंडर मापाने जिन ओततो, मापाने व्हर्मुथ ओततो, मोठे बर्फ घालून अर्धा मिनिट ढवळतो, गाळतो, लिंबाची साल पेल्यावर पिळतो आणि मग पेला पुढे सरकवतो. हात चलाख असला तरी दोन-अडीच मिनिटे जातात. बारा पेयांना अर्धा तास. तुमची बैठक चाळीस मिनिटांची असेल, तर पहिल्याचा पेला संपलेला असतो आणि बाराव्याच्या पेल्यात अजून बर्फही पडलेले नसते. त्या अर्ध्या तासात बारच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांकडे पाहायला बारटेंडरला सवड होत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तुमचा फोन घ्यायलाही होत नाही.

मी आदल्या दिवशी दोनच पेये ठरवून देतो, आणि न पिणाऱ्यांसाठी तितक्याच मनापासून केलेले तिसरे, अल्कोहोल नसलेले. त्या दोघांपैकी एक तरी ढवळायचे असावे, म्हणजे मोठ्या भांड्यात चार-चार पेले एकदम होतात. नेग्रोनी यासाठी उत्तम : जिन, गोड व्हर्मुथ आणि कंपारी हे कडवट लाल इटालियन मद्य समप्रमाणात, ताजा रस नाही, त्यामुळे मिश्रण आधी करून ठेवता येते. लिंबाच्या रसाची पेये आधी करून ठेवू नयेत. रसाची चव काही तासांतच उतरते. मात्र इथेही घाई नडते. माझ्याकडे शिकलेल्या एकाने स्वतःची सफर सुरू केल्यावर बारटेंडरला नेग्रोनीची बाटली आधीच भरून शीतपेटीत ठेवायला सांगितली आणि त्या नवख्या मुलाने ती तशीच पेल्यांत ओतली. बर्फावर ढवळताना पेयात साधारण एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश पाणी उतरते, आणि ते पाणी हा पाककृतीचाच भाग असतो, हे दोघांच्याही लक्षात आले नाही. लोकांना ते पेय 'जबरदस्त' वाटले. पुढच्या बारपर्यंत पोहोचले ते चौघे.

बार निवडतानाही हीच घाई दिसते. इंटरनेटवर पत्ता मिळाला, परवलीचा शब्द मिळाला की झाले, असे समजून लोक थेट माणसे घेऊन जातात. आधी एकट्याने, गर्दी नसलेल्या दिवशी जावे, ओट्याशी बसून स्वतःच्या पैशांनी एक पेय घ्यावे, खुर्च्या मोजाव्यात, प्रसाधनगृह कुठे आहे ते पाहावे आणि मगच मालकाशी बोलावे. त्याने नकार दिला, तर तो नकार मानावा.

दाराबाहेर उभे राहून व्याख्यान देणे ही आणखी एक खोड. दार लपवण्यामागे निव्वळ नाट्य असते, असे या मंडळींना वाटते. सध्याच्या छुप्या बारांची लाट ज्याच्यापासून मानली जाते, तो न्यूयॉर्कमधला 'मिल्क अँड हनी' हा साशा पेट्रास्के यांनी १९९९ सरताना उघडलेला बार पाटीशिवाय आणि फोनवरच्या बुकिंगवर चालत असे. त्याच्या नियमांत आरडाओरडा करू नये हेही होते, कारण तो लोकवस्तीत होता आणि शेजाऱ्यांच्या झोपेवर त्याचे अस्तित्व अवलंबून होते. आजही बहुतेक छुप्या बारांच्या डोक्यावर कोणी तरी राहत असते. इतिहास सांगायचा तो दोन वळणे आधी, मोकळ्या जागी सांगावा, आणि दाराशी पोहोचल्यावर तोंड बंद ठेवावे. दार उघडताना काय होणार हे आधी सांगून टाकणाऱ्याला तर मी सफरीत पुन्हा घेत नाही.

आणि तो इतिहास तरी नीट सांगावा. अमेरिकेतल्या दारूबंदीत भेसळीच्या मद्याची चव लपवण्यासाठी कॉकटेलचा जन्म झाला, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती सुरू झाली की मी चार पावले मागे राहतो. कॉकटेल म्हणजे मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (वनस्पतींचा कडू अर्क), ही व्याख्या १८०६ सालीच न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात छापली गेली होती, आणि जेरी थॉमस या बारटेंडरने पाककृतींचे पुस्तक काढले ते १८६२ मध्ये. दारूबंदी लागू झाली जानेवारी १९२० मध्ये आणि उठली ५ डिसेंबर १९३३ रोजी. वाईट मद्याची चव झाकण्यासाठी रस आणि साखर सढळ हाताने वापरली जात होती हे खरे, पण कॉकटेल त्याच्या शंभर वर्षे आधीचे आहे. 'पिणे हा गुन्हा होता' हेही चूक. राष्ट्रीय कायद्याने बंदी घातली ती मद्य बनवणे, विकणे आणि वाहून नेणे यांवर. ज्यांचा हात खरोखर चांगला होता असे काही बारटेंडर त्या काळात देश सोडून गेले. हॅरी क्रॅडॉक लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात जाऊन नावारूपाला आला. चोरट्या बारसाठीचा 'स्पीकइझी' हा शब्दही दारूबंदीच्या आधीचा, एकोणिसाव्या शतकातला आहे. हे सगळे तीन मिनिटांत सांगून होते, आणि खोट्या गोष्टीपेक्षा कमी रंजक मुळीच नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात. उंच टाचांबद्दल आदल्या दिवशीच कळवावे, कारण छुप्या बारांचे जिने अरुंद आणि अंधारे असतात. फ्लॅश पहिल्या दारापूर्वीच बंद करायला लावावा. बिल प्रत्येकाकडून वेगवेगळे घ्यायला लावू नये, एकच बिल करून ते तुम्ही भरावे. परवलीचा शब्द त्याच दिवशी दुपारी पुन्हा विचारून घ्यावा. वयाची ओळखपत्रे भेटीच्या ठिकाणीच पाहावीत. दारात एकाला अडवले की सगळेच अडतात. पावसाचा पर्याय पाऊस येण्यापूर्वी ठरवावा.

शेवटचा बार निवडताना तो किती सुंदर आहे हे मी पाहत नाही, तिथून बस, रेल्वे किंवा टॅक्सी किती पावलांवर आहे ते पाहतो. पिऊन गाडी चालवायची नाही, हे बुकिंगच्या वेळीच बजावलेले असते, तरी कोणाच्या हातात किल्ली दिसते का याकडे माझे लक्ष असते. शेवटचा माणूस मार्गी लागेपर्यंत मी कोपऱ्यावर उभा राहतो, आणि मग परत आत जाऊन खुर्च्यांखाली पाहतो. गेल्या महिन्यात तिथे एक छत्री सापडली, आणि चष्म्याचे एक घर, ज्यात चष्मा नव्हता.