दादरचं कोलाज: पाच थर, एक ए-३ कागद

शहराचं कोलाज बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतं: अख्खं शहर त्यात कोंबलेलं असतं. मुंबई म्हटली की गेटवे, सी-लिंक, काळी-पिवळी, डबेवाला, वडापाव, सगळं एकाच मापात आणि एकाच उठावात. त्यापेक्षा एक भाग धरा. इथे दादर घेतलंय, कारण ते मुळातच थरांचं आहे. मधोमध रूळ. पूर्वेला, १८९६च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीच्या शिस्तीतल्या गल्ल्या. पश्चिमेला फूलबाजार, शिवाजी पार्क आणि त्यापलीकडे समुद्र.

साहित्य आधी जमवा, संगणक नंतर उघडा. तिकिटं, बिलं, हार गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा, अगरबत्तीचं वेष्टन, जुन्या पंचांगाची पानं, असं हाताला लागणारं तीस-चाळीस नग पुरतं. यंत्रातून येणारी तिकिटं आणि दुकानातली बिलं बहुधा थर्मल कागदावर असतात. ती प्लास्टिकच्या पाकिटात फिकी पडतात आणि गरम लॅमिनेशन केलं तर काळीठिक्कर होतात. म्हणून आणली त्याच दिवशी स्कॅन करा.

स्कॅन किती डीपीआयवर (इंचामागे किती ठिपके) करायचं हे वस्तू किती मोठी दिसणार यावर ठरतं. छपाईला ३०० डीपीआय लागतो. जुनं पुठ्ठ्याचं तिकीट जेमतेम ५७ मिमी लांब असतं. ते ३०० वर स्कॅन केलं तर मूळ मापातच छापता येईल, १२०० वर केलं तर चौपट, म्हणजे साधारण २३ सेंमीपर्यंत मोठं करता येईल. वर्तमानपत्राच्या मागे काळा कागद ठेवून स्कॅन करा, नाहीतर पाठीमागच्या पानाची अक्षरं झिरपून दिसतात. छापील फोटोत ठिपक्यांची जाळी असते आणि स्कॅनरच्या रेषांशी ती भांडली की लाटांसारखी नक्षी उमटते. उपाय: ६०० वर स्कॅन, स्कॅनरमधला ‘डीस्क्रीन’ चालू, मग ३०० पर्यंत लहान करणं.

फाडलेल्या कडा हव्या असतील तर खऱ्या कागदाच्याच फाडा. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं आणि आडवं वेडंवाकडं, कारण कागदाचे तंतू उभे असतात. पांढरी कड मासिकाच्या गुळगुळीत कागदाला छान येते. ओढायची दिशा बदलली की ती या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जाते. आधी रद्दीवर हात बसवा.

फोटो काढताना दोन गोष्टी सांभाळा: डोळ्याची पातळी आणि उजेडाची बाजू. टिळक पुलावरून खाली बघत काढलेले रूळ आणि फुटपाथवरून समोर बघत काढलेली हारवाली एकत्र ठेवली की ती हवेत तरंगते. हे मुद्दाम करायचं असेल तर पुरतं करा. अर्धवट झालं तर चूक वाटते. फूलबाजार पहाटे भरतो, उजेड बल्बचा पिवळा असतो. त्या फोटोंचा व्हाइट बॅलन्स दिवसाच्या फोटोंशी जुळवून घ्या. रेल्वेच्या आवारात व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते, हेही ध्यानात असू द्या.

आता फाइल. ए-३ म्हणजे २९७ × ४२० मिमी. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (छपाईनंतर कापून टाकायची जादा कड) धरून ३०३ × ४२६. ३०० डीपीआयला हे ३५७९ × ५०३१ पिक्सेल होतात. महत्त्वाचं काही कापाच्या रेषेपासून १० मिमी आत ठेवा. गिंप, क्रिता किंवा फोटोशॉप, कशातही चालेल.

तळाचा थर जुन्या कागदाचा आणि त्यावर नकाशा. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरता येतो, मात्र श्रेय छापावं लागतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात ते द्या. नकाशाच्या थराची मिसळण्याची पद्धत (ब्लेंड मोड) ‘मल्टिप्लाय’ ठेवली की पांढरं नाहीसं होतं आणि गल्ल्या थेट कागदावर छापल्यासारख्या दिसतात. अपारदर्शकता ३० ते ४० टक्के. दुसऱ्या थरात दूरच्या इमारती, तिसऱ्यात रूळ आणि लोकल, चौथ्यात फुलं आणि माणसं, सगळ्यात वर अक्षरं आणि तिकिटं.

खोली कशाने येते? थर वाढवून नाही, काळेपणा वाटून देण्याने. मुंबईच्या दमट, धुरकट हवेत लांबची इमारत कधीच काळी दिसत नाही, ती फिकट निळसर-राखाडी दिसते. म्हणून दुसऱ्या थरावर ‘लेव्हल्स’मध्ये (काळं-पांढरं कमीजास्त करायची सोय) आउटपुटचा काळा खुंटा शून्यावरून ११०–१२० पर्यंत सरकवा. तिसऱ्यासाठी ५० पुरे. अस्सल काळं फक्त शेवटच्या दोन थरांत. मग चित्र राखाडी करून टपाल तिकिटाएवढं लहान करून बघा: थर वेगळे कळले तर रचना उभी आहे, सगळं एकच करडं दिसलं तर रंग कितीही ओता, फरक पडणार नाही.

कापताना खोडरबर वापरू नका, लेयर मास्क (भाग न पुसता नुसता झाकणारा पडदा) वापरा. उद्या लोकलचं टोक परत हवं असेल तर ते मिळतं. ओव्हरहेड तारा आणि पिंपळाच्या फांद्या कापत बसण्यात संध्याकाळ जाते आणि कडेला पांढरी झालर उरते ती वेगळीच. आकाश फिकट असेल तर तो तुकडा सरळ ‘मल्टिप्लाय’ किंवा ‘डार्कन’वर टाका, तारा आपोआप उरतात. नाहीतर ३–४ पिक्सेल जाडीची रेघ ओढून त्या नव्याने काढा.

सावली ही नवख्या माणसाची हमखास चूक. कागदावर कागद ठेवला की सावली अर्ध्या मिलिमीटरची पडते. मागच्या तुकड्यांना अंतर ५ पिक्सेल आणि ब्लर (कडेचा धूसरपणा) ८–१०. सर्वांत वरच्यांना अंतर १२, ब्लर २०. गडदपणा ३०–३५ टक्के, रंग शुद्ध काळ्याऐवजी गडद तपकिरी, आणि उजेड सगळीकडे एकाच कोनातून. वर्तमानपत्राच्या तुकड्याखाली दोन इंचाची सावली पडली की तो विमानासारखा उडतो.

रंग चारच धरा: स्टेशनच्या पाटीचा पिवळा, काळा, झेंडूचा केशरी, हवेचा निळसर करडा. स्क्रीनवर पेटलेला झेंडू सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मरगळतो. आधीच किरमिजी ५०, पिवळा १०० च्या आसपास ठेवून बघा, म्हणजे प्रेसमध्ये धक्का बसत नाही. बारीक अक्षरांना फक्त १०० टक्के काळा द्या. चार शाया मिसळल्या तर नोंदणी (शाया एकमेकींवर नेमक्या बसणं) जरा सरकली तरी अक्षराला रंगीत कड येते.

देवनागरीशी जपून वागा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. शब्द मोठा हवा असेल तर टंक मोठा करा. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय बंद असेल तर रफार आणि वेलांट्या भलतीकडे जातात. मुक्त किंवा बलूसारखे युनिकोड टंक घ्या आणि प्रेसला देण्याआधी अक्षरांच्या बाह्यरेषा करा. कागदातून अक्षरं कापायची असतील तर शिरोरेषेसकट अख्खा शब्द कापा. ‘व’ आणि ‘ब’च्या पोटातले तुकडे जपून ठेवा. आणि पाटीचा फोटो वापरताना तारीख बघा: डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे फलाट सलग क्रमांकाचे झाले, मध्य रेल्वेचे ८ ते १४. मध्य रेल्वेचा जुना ‘१’ हवा असेल तर तो मुद्दाम घेतलाय असं चित्रातून दिसू द्या.

पोस्टर विकणार असाल तर दुसऱ्याचे फोटो, सिनेमाची पोस्टरं, वर्तमानपत्रांची नाममुद्रा टाळा. भारतात फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

छपाई २५० ते ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) मॅट कागदावर. पूर्ण प्रत काढण्याआधी सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट भाग येईल अशी ए-४ पट्टी छापून उन्हात बघा. दुसरा थर जरा जास्तच नाहीसा झालेला आढळेल, तेव्हा त्याचा खुंटा ११० वरून ९० वर आणा. इंकजेटची प्रत चोवीस तास उघडी सुकवा. पावसाळ्यात फ्रेम करायची तर काच आणि कागदात माउंटची (पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट ठेवा, नाहीतर शाई काचेला चिकटते.