कॉम्प्युटरच्या उष्णतेवर पाणी तापवताय? या चुका टाळा

फिनलंडमधल्या मँत्सालात डेटा सेंटरची उष्णता घरं उबदार ठेवते. इंग्लंडमध्ये एक्समथच्या जलतरण तलावाचं पाणी २०२३ मध्ये काही प्रमाणात कॉम्प्युटरच्या उष्णतेवर तापवायला सुरुवात झाली. ते वाचून इथे गोव्यात खोली तापवायला निघू नका. आमच्या फोंड्यात जानेवारीतही रात्रीचा पारा २० अंशांच्या आसपास असतो. आपल्याला उष्णता हवी ती न्हाणीत.

खरं नुकसान कुठे होतं ते बघा. व्हिडिओ रेंडर करणारं, म्हणजे तासन्‌तास गणित करून व्हिडिओ तयार करणारं, कॉम्प्युटर मशीन ४०० वॅट वीज खातं आणि जवळजवळ सगळीच उष्णता म्हणून खोलीत सोडतं. ती बाहेर काढायला एसी आणखी वीज ओढतो, आणि भिंतीपलीकडे आंघोळीसाठी गिझर चालू असतोच. मशीनची उष्णता पाण्यात घातली की एसी आणि गिझर दोघांचंही काम हलकं होतं. म्हणून मला हा खटाटोप मनापासून पटतो.

पण आधी हिशोब करा. १०० लिटर पाणी २६ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण १.६ युनिट लागतात. ४०० वॅटचं मशीन सहा तास चाललं तर २.४ युनिट उष्णता देतं. वाटेत थोडी वाया गेली तरी भागतं. लॅपटॉपच्या ५० वॅटवर मात्र काही होणार नाही. आणि केवळ पाण्यासाठी मशीन चालू ठेवणं म्हणजे महागडा हीटर लावणं. त्यापेक्षा छपरावर सोलर बसवा.

सगळ्यात महाग पडलेली चूक माझी स्वतःची. विहिरीचं पाणी मी थेट प्रोसेसरवरच्या वॉटर ब्लॉकमधून, म्हणजे आतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणाऱ्या तांब्याच्या ठोकळ्यातून, फिरवलं. चार महिन्यांत मशीन तापून बंद पडायला लागलं. ब्लॉक उघडला तर तांब्याच्या केसासारख्या बारीक खाचांत तांबूस गाळ घट्ट बसलेला. टाचणीने कोरूनही निघेना. जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं आणि ते थोडं आम्लधर्मी असतं, हे लक्षातच घेतलं नव्हतं. मशीनमधलं पाणी बंद चक्रातच फिरू द्या, त्यात गंजरोधक कूलंट (उष्णता वाहून नेणारा द्रव) घाला, आणि उष्णता आंघोळीच्या पाण्याच्या टाकीत पोचवायला तांब्याची कॉइल बसवा. त्या चक्रात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र नको, अ‍ॅल्युमिनियम पोखरलं जातं.

टाकीतलं कोमट पाणी तसंच साठवून अंगावर घेऊ नका. २० ते ४५ अंशांत लिजिओनेला जिवाणू वाढतो, आणि तो शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. टाकीचं पाणी गिझरमध्ये सोडा, गिझर ६० अंशांवर ठेवा आणि नळाशी थंड पाणी मिसळा. पाणी आधीच ४० अंशांचं असल्यामुळे गिझरचं काम बरंच कमी होतं.

अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय मात्र काहीच जोडू नका. पाणी आणि वीज इतकी जवळ आल्यावर इथे अंदाजाला जागा नाही.

आणि कोणी आंघोळच केली नाही तर? चवथीला आम्ही गावी गेलो, रेंडर चालूच ठेवलं होतं. टाकी तापून बसली, कूलंटला उष्णता सोडायला जागा उरली नाही, आणि परत आलो तेव्हा मशीन बंद, काम अर्धवट. आता चक्रात एक पंख्याचा रेडिएटर जोडलाय. टाकी ५० अंशांवर गेली की थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह कूलंट तिकडे वळवतो. रेडिएटर खोलीबाहेर पडवीत ठेवलाय, नाहीतर तीच उष्णता पुन्हा एसीच्या गळ्यात.