अन्ननलिकेच्या शिरांचं बँडिंग झाल्यावर: घास अडकतो, छाती जळते, तेव्हा काय करावं

बँडिंग करून घरी आल्यावर आमच्या आबांचा पहिला प्रश्न होता, "पांढरा रस्सा तर चालतोय की? त्यात कुठं तिखट असतंय?" कोल्हापूरकरच तो! पण त्यात मिरी असते, मीठ असतं आणि तो कढतच प्यायचा असतो. त्यामुळे उत्तर नाही असंच होतं.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या. लिव्हर सिरॉसिसने कडक झालं की रक्त आडवाटेनं जाऊ लागतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या शिरा फुगतात. त्या फुटू नयेत म्हणून डॉक्टर दुर्बिणीतून त्यांना बारीक रबरी बँड लावतात. बांधलेला भाग साधारण 5 ते 10 दिवसांत गळून पडतो आणि तिथे छोटी जखम राहते. ती भरेपर्यंत सांभाळायचं.

पहिला दिवस पातळ पदार्थांचा: थंड दूध, पेज, शहाळं. कढत काही नको. छातीत दुखणं, घास अडकल्यासारखं वाटणं हे पहिले काही दिवस बऱ्याच जणांना होतं. त्यासाठी घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मात्र देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच.

पुढचे आठ-दहा दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, दही, मऊ उकडलेलं अंडं. मिसळीचा कट, ठेचा, पापड, भाकरीचा कडक पापुद्रा बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि माणूस भाकरीकडे हात नेतो. पण बँड गळायचा काळ त्यानंतरच सुरू होतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. प्रोटीन मात्र तोडू नका. सिरॉसिसमध्ये स्नायू झपाट्यानं झिजतात.

आता जळजळ. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी इथे मुख्यतः जखमेला आम्लापासून जपण्यासाठी असते. ती रोज नाश्त्याच्या अर्धा तास आधी, सांगितले तेवढे दिवस घ्यायची. बरं वाटतंय म्हणून वर्षभर चालू ठेवू नये, सिरॉसिसमध्ये त्यानं जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. फेसाळणारा सोडाही टाळा. त्यात सोडियम भरपूर, आणि पोटात पाणी साठलेल्याला तेच नको असतं. त्या पाण्याच्या दाबानंही आंबट घशाशी येतं.

झोपण्याचा एक पेच आहे. सिरॉसिसच्या रुग्णाला रात्री उशिरा थोडं खायला सांगतात आणि पित्तवाल्याला खाऊन लगेच आडवं होऊ नका म्हणतात. आम्ही खाणं वाटीभर ठेवलं, नंतर तासभर आबांना बसवलं आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या. उशांचा ढीग रचून उपयोग नाही, त्यानं पोटच दुमडतं.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, चक्कर, किंवा थुंकीही गिळता न येणं: घरी थांबू नका, 108 ला फोन करा.

बँडिंग एका फेरीत संपत नाही. शिरा बुजेपर्यंत दर 2 ते 4 आठवड्यांनी पुन्हा जावं लागतं, नंतरही तपासणी असते. शिरांतला दाब कमी करणारी प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलची गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका. कित्येक आठवड्यांनी घास पुन्हा अडकू लागला, तर जखम भरताना नळी अरुंद झाली असेल. शिरांत औषध टोचून त्या बंद करायच्या जुन्या पद्धतीत हे जास्त व्हायचं, बँडिंगनंतर क्वचित होतं. ते लगेच सांगावं, कारण दुर्बिणीतूनच फुगा घालून नळी रुंद करता येते.