हळव्यांचा गट चालवताना

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस" हे वाक्य ज्यांनी लहानपणापासून ऐकलं, अशा १४ जणांना मी एका ऑनलाइन गटात एकत्र आणलं. इथे तरी हे कुणी कुणाला म्हणणार नाही, म्हणजे अर्धं काम झालंच, असं मला वाटलं होतं. सात आठवड्यांत पाच जण निघून गेले. भांडण झालं नव्हतं, वाकडा शब्द गेला नव्हता. उलट सगळे एकमेकांना इतकं जपत होते, की त्या जपण्यानंच माणसं दमली.

असा गट पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी समुपदेशक नाही. स्वतः याच हळव्या स्वभावाची आहे आणि चार वर्षं गट सांभाळते आहे, एवढीच माझी पात्रता.

या हळव्या, म्हणजे अतिसंवेदनशील स्वभावाला मानसशास्त्रात जागा मिळवून दिली ती अमेरिकेतल्या इलेन ॲरन यांनी. १९९७ मध्ये त्यांनी आणि त्यांचे पती आर्थर ॲरन यांनी शोधनिबंधात २७ प्रश्नांची मोजपट्टी मांडली. बारीक गोष्टी चटकन जाणवणं, आलेल्या अनुभवावर मनात खोलवर प्रक्रिया होणं, आवाज-उजेड-गर्दीने लवकर थकणं, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना तीव्रतेने पोहोचणं, असा हा सगळा एक गठ्ठा आहे. हा आजार नाही, मनोविकारांच्या निदानसूचीत तो नाही. गटात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण अर्धे लोक "मला काय झालंय?" विचारत येतात आणि उरलेले हा स्वभाव म्हणजे पदक असल्यासारखे येतात. दोघांनाही थोडं जमिनीवर आणावं लागतं.

ती मोजपट्टी मी सुरुवातीला प्रवेशाच्या वेळी भरून घ्यायचे. मोठी चूक. "तुमचे किती आले?" अशी तुलना सुरू झाली आणि कमी गुण आलेली एक मुलगी आपण इथे उपऱ्या आहोत असं समजून गप्प झाली. हा स्वभाव कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांतच असतो. २०१८ च्या एका अभ्यासात लोकांचे तीन गट दिसले: खूप संवेदनशील सुमारे ३१ टक्के, मध्यम ४० टक्के, कमी २९ टक्के. दार उघडायला परीक्षा कशाला हवी? आता मी एकच प्रश्न विचारते, गटाकडून काय हवं आहे. "मला बरं करा" असं उत्तर आलं तर तिथेच नीट बोलून घेते.

दुसरा गैरसमज माझाच होता. मला वाटायचं, हळवी माणसं म्हणजे अबोल माणसं. ॲरन यांच्या मते यातले सुमारे ३० टक्के बहिर्मुख असतात. माझ्या गटात ते पहिल्या दिवसापासून होते आणि रोज लिहीत होते. त्यांना गप्प करायचं नाही आणि अबोलांवर त्यांचा पूर येऊ द्यायचा नाही, ही तारेवरची कसरत आहे.

आता ते सात आठवडे. एका रात्री साडेअकराला एकीने आईच्या आजारपणाबद्दल लिहिलं, अगदी पोटातून आलेलं. सकाळपर्यंत ६३ संदेश जमले. प्रत्येकाने तिचं दुःख स्वतःवर घेतलं, त्यात आपलं जुनं दुःख मिसळलं आणि तिला परत दिलं. दोघींना रात्रभर झोप आली नाही. जिने लिहिलं होतं तिला अपराधी वाटलं आणि ती आठवड्याभरात गेली. पुढे वाचताना कळलं की संशोधक ॲमांडा रोझ यांनी २००२ मध्ये मुलामुलींच्या मैत्रीत हेच टिपलं होतं: मिळून दुःख उगाळलं की जवळीक वाढते, पण त्याबरोबर मनाचा त्रासही वाढतो. माझ्या गटात जवळीक भरपूर होती.

त्यानंतरच्या नियमांपैकी तीन टिकले. जड काही लिहायचं असेल तर पहिल्या ओळीत 'जड' एवढंच लिहून काही ओळी मोकळ्या सोडायच्या, म्हणजे ज्याला आज झेपणार नाही तो पुढे जाईल. लिहिणाऱ्याने काय हवं ते सांगायचं: 'फक्त वाचा' की 'काही सुचवा'. 'फक्त वाचा' असेल तर उत्तर एकच, 'वाचलं'. हा शब्द सुरुवातीला सगळ्यांना कोरडा वाटला. आता त्याच शब्दाची वाट पाहिली जाते. तिसरा नियम म्हणजे रात्री नऊ ते सकाळी आठ गट बंद. फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सोय ॲपमध्ये असतेच. यावर एक सदस्य खूप चिडले. अडचणीच्या वेळीच दार लावता, म्हणाले. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पण रात्री दोनला एकटं माणूस आणि आठ जागी हळवी माणसं यांतून आधार मिळत नाही, नऊ जणांचं जागरण होतं.

खऱ्या संकटाची तयारी मात्र गट उघडण्याआधीच करा. जिवाला धोका आहे असं कुणी लिहिलं, तर कोण फोन करणार, कुणाला करणार, हे आधी ठरलेलं हवं. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाकडून जवळच्या एका माणसाचा नंबर, त्या माणसाला विचारून घ्या. त्या-त्या भागातल्या मदतवाहिन्यांचे नंबर सगळ्यात वर चिकटवून ठेवा. गट उपचाराची जागा घेत नाही, हे मऊ शब्दांत नको, सरळ सांगा.

व्हिडिओ बैठक आम्ही पंधरवड्याला घेतो. आठ जण, ५० मिनिटं, विषय आदल्या दिवशी कळवलेला, आणि घड्याळ बघून शेवट. कॅमेरा लावायची सक्ती नाही. स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणं आणि सगळे आपल्याकडेच रोखून बघताहेत असं वाटणं, या व्हिडिओच्या थकव्याच्या कारणांपैकी दोन असल्याचं संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलं होतं. स्वतःची चौकट लपवायला शिकवलं की निम्मी कुरकुर थांबते.

चूक दाखवायची वेळ आली की मी आजही घाबरते, आणि माझी फजितीही इथेच झाली आहे. "काही जण फार लांब लिहितात, कृपया भान ठेवावे," असं एकदा गटावर टाकलं. तासाभरात सहा जणांनी खासगीत माफी मागितली. ज्यांच्यासाठी ते होतं त्यांनी होकाराचं अंगठ्याचं चिन्ह टाकून पुढच्याच दिवशी चार पानं लिहिली. हळव्या माणसांसमोर 'काही जण' असं कधीच लिहू नये. प्रत्येकाला वाटतं, मीच तो. ज्याला सांगायचं त्याला एकट्याला, त्याच्या कोणत्या ओळीबद्दल बोलतो आहोत ते दाखवून, आणि शेवटी "गटात तुमची जागा आहेच" असं स्पष्ट लिहून सांगा. ते लिहिलं नाही, तर समोरचा ते गृहीत धरत नाही.

एवढं सांभाळून फायदा काय, असं नवखे विचारतात. संवेदनशील माणसाला वाईट वातावरण जास्त लागतं, तसं चांगलंही जास्त लागू पडतं. इंग्लंडमध्ये ११ वर्षांच्या आसपासच्या मुलींसाठी शाळेत नैराश्य टाळण्याचा एक कार्यक्रम झाला होता. २०१५ च्या शोधनिबंधानुसार त्याचा उपयोग जास्त संवेदनशील मुलींना झाला, कमी संवेदनशील मुलींमध्ये फरक दिसला नाही. माझा गट म्हणजे तो कार्यक्रम नव्हे. तरी थकलेल्या दिवशी मला ही गोष्ट आठवते.

थकणार तुम्हीही. एकट्याने हे करू नका. आम्ही दोघी आहोत, आलटून पालटून एकेक आठवडा. माझा आठवडा नसेल तेव्हा मी गट उघडतसुद्धा नाही. पहिले सहा महिने मला हे जमलं नाही, चोरून वाचायचे.

सध्या २२ जण आहेत. २५ च्या पुढे आम्ही कुणाला घेत नाही. वाट पाहणाऱ्यांना मी नवा गट सुरू करायला सांगते आणि आमचे नियम उसने देते. परवा एकाने ते घेतले, रात्रीचा नियम तेवढा काढून टाकला. मी काही बोलले नाही.