आजारी न पडलेल्यांचीही यादी करा

साथरोगाच्या कामावर नव्याने रुजू झालेली मुलंमुली मला सगळ्यात आधी अहवालाचा नमुना मागतात. नमुना कक्षात मिळतोच. जे कागदावर मिळत नाही ते इथे लिहितोय. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षात मी हे काम करतो. अन्नातून झालेल्या विषबाधेची चौकशी करताना मला सर्वांत मोलाचा माणूस कोण वाटत आला असेल, तर पंगतीत जेवूनही ठणठणीत राहिलेला माणूस. नवखे नेमके त्यालाच भेटत नाहीत.

पहिला फोन बहुधा आशाताईचा किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरचा येतो. "सर, काल तेरवीचं जेवण झालं अन् रातपासून लोकायले ओकाऱ्या सुरू हायेत." त्याच फोनवर दोन गोष्टी सांगायच्या. ओआरएस सुरू करा आणि ज्याच्या पोटात पाणीही ठरत नाही, लघवी कमी झाली आहे, लहान मूल मलूल पडलं आहे, त्याला लगेच पीएचसीत हलवा. दुसरं, उरलेलं अन्न फेकू देऊ नका. गावात विषबाधेची बोंब उठली की घरचे घाबरून आधी गंज, म्हणजे स्वयंपाकाची मोठी भांडी, घासून ठेवतात आणि उरलंसुरलं उकिरड्यावर जातं. मग पथकाच्या हाती काही लागत नाही. भात, भाजी, मठ्ठा, जे असेल ते वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत, झाकून, थंड जागी. बर्फात गोठवायचं नाही.

कोणाचं काम काय, हे पहिल्या आठवड्यातच नीट समजून घ्या. रुग्ण, त्यांचे नमुने आणि कारणाचा शोध आरोग्य विभागाकडे. अन्नाचा कायदेशीर नमुना अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी घेतो, अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ नुसार. तो नमुना चार भागांत सील होतो आणि विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा असं कायदा सांगतो. पाण्याची बाजू ग्रामपंचायतीची: जलसुरक्षक, ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी), टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिघांनाही एकाच वेळी कळवायचं. आपण गावात पोचल्यावर बघू, असं म्हणालात तर दुसऱ्या दिवशी दुपारी अन्न सुरक्षा अधिकारी येतो आणि त्याला घासलेली भांडी दिसतात.

रुग्णांचा शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्या, कॅरी-ब्लेअर माध्यमात (प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू जिवंत ठेवणारं माध्यम), नाव-वेळ लिहून, शीतपेटीत. गावातल्या खासगी डॉक्टरांशी आधीपासून ओळख ठेवायची ती यासाठी. भामरागडसारख्या तालुक्यात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. तिथल्या पीएचसीत माध्यमाच्या बाटल्या आणि टीसीएल जूनआधी पोचलेलं असलं पाहिजे.

आता मुख्य कामाकडे येतो, ते म्हणजे विचारपूस. आधी रुग्ण कोणाला म्हणायचं हे ठरवा. उदाहरणार्थ, त्या पंगतीत जेवला आणि पुढच्या ७२ तासांत ज्याला उलटी झाली किंवा २४ तासांत ३ किंवा जास्त पातळ जुलाब झाले, तो रुग्ण. मग लाईन लिस्ट, म्हणजे एका माणसामागे एक ओळ अशी यादी. वेळ विचारताना घड्याळ विचारू नका. लाइट गेली त्याच्या आधी की नंतर, शेवटची एसटी निघून गेली होती का, आरती झाली होती का, असं विचारलं की माणसं अचूक सांगतात. वेळ अचूक हवी, कारण अर्धं निदान तिच्यातच असतं. जेवल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू झाल्या तर स्टॅफिलोकोकस किंवा बॅसिलस सेरियस या जंतूंचं तयार विष डोळ्यांपुढे येतं. ६ ते २४ तासांत पोटात कळा आणि जुलाब असतील तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. ताप आहे आणि अर्ध्या दिवसापासून दोन-तीन दिवसांपर्यंत माणसं पडतायत, तर साल्मोनेला. जे पंगतीला गेलेच नाहीत तेही पडायला लागले आणि रोज नवे रुग्ण येत राहिले, तर जेवण सोडा, विहीर आणि पाइपलाइन बघा.

एका गावातलं लग्न सांगतो. मे महिना, दुपारची वेळ. पंगतीत भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, पोळी, बुंदी, मठ्ठा. आम्ही पोचलो तेव्हा गावाचा निकाल लागलेला होता: बुंदी बाजारातून आणली, बुंदीच खराब. आचारी कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. यादी करत गेलो तसं दिसलं की पहिल्या पंगतीतली वरातीची माणसं जवळपास सगळी बरी होती आणि बुंदी त्यांनीही भरपूर खाल्ली होती. पडले ते शेवटच्या पंगतीतले, म्हणजे वाढणारी पोरं आणि घरच्या बाया. त्या शेवटच्या पंगतीत एक आजी होत्या, अगदी धडधाकट. त्यांना एकेक पदार्थ विचारला. बुंदी? "खाल्ली." भाजी? "खाल्ली." मठ्ठा? "दोन गिलास." भात? "नाही जी. भात खाल्ला का पोट फुगते माह्यं. म्या त पोळीच खाल्ली."

मग शेवटच्या पंगतीत भात न घेतलेले आणखी शोधले. तेही बरे होते. आचाऱ्याला शांतपणे विचारलं तेव्हा कळलं, सगळा भात सकाळीच शिजवून मोठ्या गंजात भरला होता, वरून गोणपाट घातलं होतं आणि उन्हातल्या मांडवात तो शेवटच्या पंगतीपर्यंत तसाच कोमट राहिला. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि त्याचं उलटीचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. आमच्याकडच्या उरलेल्या भाताच्या नमुन्यात तोच निघाला. पण नमुना मिळाला नसता तरी आजींच्या त्या उत्तराने भाताकडे बोट दाखवलंच होतं.

हीच रीत जगभर शिकवली जाते. १८ एप्रिल १९४० रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो परगण्यात चर्चच्या जेवणानंतर साथ झाली. ७५ जणांची चौकशी झाली, ४६ आजारी होते. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ पैकी ४३ पडले, म्हणजे ८० टक्के. न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३, म्हणजे १४ टक्के. साडेपाच पट फरक. नुसते आजारी ४६ विचारले असते तर आइस्क्रीमची तुलना कशाशी केली असती? हे गणित कागदावर स्वतः सोडवा, प्रत्येक पदार्थाचा तक्ता मांडून. माझ्या मते या नोकरीची खरी परीक्षा तीच.

प्रत्येक वेळी पंगत असतेच असं नाही. महाशिवरात्री, एकादशी किंवा नवरात्रात गावभर विखुरलेल्या घरांतून मळमळ, उलट्या, चक्कर, अंग थरथरणं सुरू झालं की भगरीचं विचारा. ओल लागलेल्या भगरीवर, त्यातही तिच्या पिठावर, अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं तयार होतात. इथे शेजारची घरं कामाला येतात: उपास त्यांनीही केला, पण साबुदाण्यावर, किंवा भगर खाल्ली, पण दुसऱ्या दुकानातली, निवडून धुतलेली. मग दुकान, पोतं आणि कुठून माल आला ते शोधता येतं आणि अन्न व औषध प्रशासन पुढचा माल थांबवू शकतं.

आणि जंतूंवरच अडून बसू नका. आपल्याकडे घराघरात कीटकनाशकाचे डबे असतात. १६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या शाळेत माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलं गेली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, लाळ गळते, घाम फुटतो, असा एकही रुग्ण दिसला तर लाईन लिस्ट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना अ‍ॅट्रोपिनचं, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचं, सांगा. शाळेतली पोरं एकदम ओकायला लागली तर दुपारच्या सुट्टीत कुंपणावरच्या चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्या का, हेही विचारा. शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात. इथेही वर्गातल्या बऱ्या मुलांना विचारलं की ती बिनधास्त सांगतात, आजारी मुलं मार खायच्या भीतीने बोलत नाहीत.

या कामात यायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. अन्न सुरक्षा अधिकारी एमपीएससीतून होता येतं. अन्न किंवा दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांतली पदवी किंवा रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी चालते. साथरोगाकडे यायचं तर सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत ते क्षेत्रकामासह शिकवतात. आरोग्यसेवक, सिस्टर म्हणून आलेलेही इथे उत्तम काम करतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया येत नसेल तर तिथल्या आशाताईलाच सोबत घ्या आणि तिचं बोलणं मधे तोडू नका.

अहवाल आला की तो आयएचआयपी या सरकारी रोग-सर्वेक्षण पोर्टलवर भरून मोकळे होऊ नका. गावात परत जाऊन सरपंच, आशाताई आणि आचारी यांच्यासमोर सांगा. त्या लग्नाच्या गावी आम्ही गेलो तेव्हा आचाऱ्याची पुढची दोन कामं बुंदीच्या बोभाट्यापायी रद्द झाली होती. बुंदीचा दोष नव्हता, हे सरपंचांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं. आचाऱ्याने एवढंच विचारलं, मग भात करायचा कसा? प्रत्येक पंगतीला वेगळा शिजवायचा, छोट्या गंजात, आणि चुलीवरून उतरवला की तो वाढूनच संपवायचा.