चेन लांबली का, मोजपट्टी लावून बघा

सायकलची चेन ताणून लांबत नाही, झिजून लांबते. बाजूच्या पोलादी पट्ट्या होत्या तेवढ्याच राहतात. झिजतात त्या सांध्यातल्या पिना आणि त्यांच्याभोवतीची आतल्या पट्ट्यांची भोकं. एका सांध्यात पडणारी फट केसाहूनही बारीक असते, पण सांधे शंभराच्या आसपास, त्यामुळे बेरीज दिसण्याइतकी होते.

नव्या चेनमध्ये लगतच्या दोन पिनांचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. पेडल किंचित दाबून चेन ताठ ठेवा, स्टीलच्या मोजपट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि तिथून पुढची चोविसावी पिन शोधा. ती बरोबर १२ इंचांवर हवी. गिअरच्या सायकलला ती इंचाच्या सोळाव्या भागाएवढी पुढे सरकली असेल, तर चेन बदलाच. बिनगिअरच्या सायकलला याच्या दुप्पट झीज चालते.

इथे चालढकल महागात पडते. लांबलेल्या चेनचे रोलर, म्हणजे पिनांभोवती फिरणाऱ्या छोट्या नळ्या, चकत्यांच्या दात्यांवर वर चढून बसतात, दाते हुकासारखे वाकडे झिजतात, आणि मग नवी चेन टाकली तरी जोर लावताच ती घसरते. म्हणजे दातेरी चकत्याही बदला!

तेल घालताना प्रत्येक रोलरवर एकच थेंब, चेनच्या आतल्या बाजूने. पेडल उलटं फिरवून ते मुरू द्या आणि बाहेरचं सगळं पुसून काढा. वर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं, आणि तीच धूळ सांध्यात शिरून पिना घासते.